एबीएसचा दिवा आणि तिसरी चावी

फुलपाड्यातली ती चोरी अजून माझ्या मनातून उतरलेली नाही. गाडी जुनी, गुन्हा साधा. नोकरीतले मोठमोठे गुन्हे विसरलो, हा मात्र लक्षात राहिला.

फिर्यादी कोकणातला नोकरदार माणूस. काही महिन्यांपूर्वीच त्याने एका दलालाकडून सेकंडहँड गाडी घेतली होती. ती सोसायटीच्या आवारातून रातोरात गेली. पंचनाम्याला गेलो तर जागेवर फुटलेली काच नाही, ओढल्याची खूण नाही, आणि दोन्ही चाव्या घरात. म्हणजे गाडी कोणीतरी चावी लावूनच नेली होती. अशा वेळी पोलीस आधी घरातल्या माणसांकडे बघतो. फिर्यादीने तर स्वतःच बोट दाखवलं.

"साहेब, मेहुणा आमच्याकडेच राहतो. चोरीच्या आदल्या दिवशी गाडी त्याच्या ताब्यात होती. गॅरेजला नेतो म्हणाला. चावीची नक्कल तेव्हाच केली असणार."

मेहुण्याला चौकशीला आणलं. पंचविशीतला, कंपनीत कामाला. चौकशीत काही लोक फार बोलतात, काही तोंडात मिठाची गुळणी धरतात. हा दोन्हींतला नव्हता. कसंही विचारलं तरी उत्तर एकच : "एबीएसचा दिवा लागत होता, म्हणून दोनदा नेली."

"ब्रेक लागत होते ना?"

"लागत होते, साहेब. पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून एबीएस असतं. ते बंद होतं. माझी भाची बसते त्या गाडीत."

उत्तर पढवल्यासारखं वाटलं. ब्रेक लागत असताना नुसत्या दिव्यासाठी दोनदा गॅरेजला जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. अटक करून टाकावी, असं माझ्या सहकाऱ्यांचं मत पडलं. तेवढ्यात त्याची बहीण, म्हणजे फिर्यादीची बायको, ठाण्यात आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र पक्का.

"साहेब, अटक झाली की ह्याची नोकरी जाईल. मिस्टर म्हणतात, भाऊ तरी घरात राहील नाहीतर तू. आधी त्या गॅरेजवाल्याला तरी विचारा. पापडीला आहे तो."

बाईचं म्हणणं रास्त होतं. मी स्वतः पापडीला गेलो.

गॅरेजवाला बोलका निघाला. "आली होती ना गाडी, दोनदा. साहेब, स्कॅनर लावला तर इंजिन जवाब देतंय, एअरबॅग देतेय, एबीएस एकदम गप्प. पयल्यांदा फ्यूज चेक केला, अर्थिंग घासलं, दिवा गेला. दोन दिवसांत परत आला. मग मी वायरिंग हलवून बघितलं. हलवलं की एबीएस बोलायचं, सोडलं की बंद. टेप काढली तर आत काय, कोणीतरी सिग्नलच्या दोन वायरी सोलून त्यांना भलतीच जोड मारलेली. ती ढिली झालेली."

"जोड कसली?"

"डबी होती एक छोटी. जुन्या मालकाचा अलार्म असेल म्हणून काढून टाकली. वायरी नीट जोडल्या, दिवा बंद, गिऱ्हाईक खूश."

डबी त्याच्या खणात नटबोल्टांखाली पडली होती. पंचांसमक्ष उघडली. आत सिमकार्ड. तो अलार्म नव्हता, गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र होतं. सिमचा तपशील मागवला, तर रिचार्ज गाडी विकणाऱ्या दलालाच्या फोनवरून होत होतं.

दलाल सुरुवातीला माझ्यावरच आवाज चढवत होता. मी डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "विकलेल्या गाडीचं रिचार्ज कशाला करतोस?" त्याने पाणी मागितलं. या प्रश्नावर पाणी मागणारा माणूस अर्धा कबूल झालेला असतो. बाकीचं अर्धं त्याने पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. गाडी विकायची, तिसरी चावी स्वतःकडे ठेवायची, आणि पुढे सवडीने तीच गाडी उचलायची, हा त्याचा धंदा. फिर्यादीने नारळ फोडला होता, चाकाखाली लिंबं ठेवली होती. पण गाडी आणखी एखाद्या चावीने सुरू होते का, ते तपासलं नव्हतं. गॅरेजवाल्याने डबी काढली आणि दलालाच्या मोबाइलवरून गाडी नाहीशी झाली. डबीचा बोभाटा होण्याआधी त्याने त्याच रात्री ती उचलली; रात्री ती कुठे उभी असते, ते त्याला ठाऊक होतंच. म्हणूनच सगळा संशय मेहुण्यावर आला होता. गाडी चांदीपच्या एका शेतघरामागे ताडपत्रीखाली सापडली, नंबरप्लेट बदललेली.

कोर्टाच्या आदेशाने गाडी परत देताना ती बाई हळूच म्हणाली, "गाडी दिल्याचा कागद मिळतो. माझ्या भावाने चोरी केली नाही, असा कागद मिळेल का?"

असा कागद नसतो. अटकच नव्हती, तर सुटकेचा हुकूम कुठून येणार? पण त्याला जीपमध्ये बसवताना अख्ख्या सोसायटीने पाहिलं होतं. मला वाईट वाटलं. गाडी मेहुण्याला चालवायला सांगितली आणि वर्दीत त्याच्या शेजारी बसलो. फाटकाशी उतरून चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चोर दुसराच होता. ह्याने दिव्याकडे लक्ष दिलं, म्हणून सापडला."

फिर्यादी खाली मान घालून म्हणाला, "चावी राहू दे तुझ्याकडेच."

मेहुण्याने चावी त्याच्या हातात ठेवली. "नको, भाऊजी. उद्या काही झालं तर परत मलाच विचाराल."

पुढच्या महिन्यात तो दुसरीकडे खोली घेऊन राहायला गेल्याचं कळलं. त्यानंतर नुसत्या संशयावरून कोणाला बोलवायचं असेल, तर मी जीप दूर उभी करून साध्या वेशातला माणूस पाठवायचो. गुन्हा उघडकीस आणणं आमच्या हातात असतं. घरच्या माणसाच्या मनात एकदा बसलेला संशय काढणं आमच्या हातात नसतं.