सुटी चेन

मास्तर तीस वर्षं शाळेची दप्तरं शिवत होते, आणि भिकार चेन त्यांनी एकाही दप्तराला लावली नव्हती. कापड इथलं चालेल, दोरा इथला चालेल, चेन मात्र परदेशीच. या हट्टापायीच आता त्यांच्या नाकी नऊ आले होते. चलन घसरल्याने चेन आधीच महाग झाली होती, त्यात सरकारने तिच्यावर तीस टक्के आयात शुल्क बसवलं. शाळेची चारशे दप्तरांची ऑर्डर या महिन्यात गेली नाही, तर कारखान्याची खोली सोडावी लागणार होती आणि वीस वर्षं मशीनवर बसणाऱ्या मावशींना घरी पाठवावं लागणार होतं.

शुल्काच्या कचेरीत चार खेटे घातल्यावर एकदाचा कारकून बोलला.

"तुमची चेन येते त्या देशाशी आपला करार झालाय. तयार दप्तरावर शुल्क माफ. चेन करारात नाही."

"अहो, दप्तराला चेन असतेच ना?"

"दप्तराला असेल तर माफ. सुटी असेल तर तीस टक्के."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. असली अक्कल पगार घेऊन चालवतात, याचाच त्यांना जास्त संताप आला.

घरी पुतणी अर्थशास्त्राच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने समजावायला घेतलं. "काका, ज्या देशाला जे तुलनेनं स्वस्तात जमतं, ते त्यानं करावं. बाकीचं बाहेरून आणावं. याला तुलनात्मक लाभ म्हणतात. दोघांचाही फायदा होतो."

"दोघांचा म्हणजे?"

"दोन्ही देशांचा."

"आणि माझा गं?"

पुतणीने पान उलटलं. "ज्यांचं काम जातं, ते दुसऱ्या कामाला लागतात."

"किती दिवसांत?"

"ते नाही दिलेलं."

दुसऱ्या दिवशी मास्तर तणतणतच बाजारात गेले. एका व्यापाऱ्याच्या गोदामात करारातून आलेली हलक्या कापडाची दप्तरं पडून होती. चेन तीच, त्यांच्या पसंतीची. अख्खं दप्तर सुट्या चेनपेक्षा स्वस्त! मास्तरांनी चारशे उचलली, कारखान्यात आणून ओतली आणि मावशींच्या हातात ब्लेड दिलं. चेन काढायची, आपल्या दप्तराला लावायची, उरलेलं फेकायचं. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याचं शिवलेलं उसवायला बसले होते आणि त्यांना स्वतःचीच चीड येत होती.

तिसऱ्याच दप्तराला मावशी थबकल्या.

"मास्तर, हे बघा. कापड फडतूस आहे, पण चेनच्या टोकाला दुहेरी टाका मारलाय. पोरं तिथंच ओढतात ना, म्हणून. कुणा बाईनं मन लावून शिवलंय हो."

मास्तरांनी टाका पाहिला. सरळ, घट्ट, कुठेही खोट नाही. एवढं चांगलं काम करणाऱ्या त्या बाईवर रागवावं तरी कसं, ते त्यांना कळेना.

"उसवा," ते खेकसले. "आणि चेनला ब्लेड लागू देऊ नका."