पन्नास वर्षं उडणारी तबकडी

परग्रहावरून आलेल्या पाहुण्याचा तो जुना, काळा-पांढरा सिनेमा मी शाळेत असताना जत्रेच्या तंबूत एकदाच पाहिला आणि पुढची पन्नास वर्षं सांगत सुटलो. माझ्या सांगण्यातली उडती तबकडी आधी मैदानाएवढी होती. माझं लग्न झालं तोवर ती तालुक्याएवढी झाली, आणि नात जन्मली तेव्हा तर तबकडीच्या सावलीमुळे दोन जिल्ह्यांत भरदुपारी दिवे लावावे लागत होते.

परवा नातीने नेमका तोच सिनेमा टीव्हीवर शोधून काढला. बायको पोळ्या आटोपून मुद्दाम समोर येऊन बसली.

तबकडी उतरली. एका परातीवर दुसरी परात पालथी घातली होती, झालं! मग पाहुणा बाहेर आला.

"आजोबा, याच्या पाठीला चेन आहे!" नात किंचाळली. "आणि तबकडीची दोरीसुद्धा दिसतेय!"

मी चष्मा पुसत बसलो. पन्नास वर्षांची अब्रू त्या दोरीला लोंबकळत होती. देवाशपथ सांगतो, मी खोटं बोललो नव्हतो. तबकडी तंबूतून माझ्याबरोबर घरी आली होती, आणि घरात प्रेमाने सांभाळलेलं काहीही अंगाने भरतंच. पण हे आता पटायचं कुणाला?

बायकोने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"यात काही दम नाही," ती म्हणाली. "तुम्ही तुमचा सांगा हो. ते दोन जिल्ह्यांतल्या दिव्यांपासून."

"तीन," मी घसा खाकरून म्हणालो.