आमची बॅच क्रूझवर गेली

डहाणूत कुणी क्रूझचं बुकिंग केलं की त्याला हमखास माझ्याकडे पाठवतात. "सुनंदाताई जाऊन आल्यात, त्यांना विचारा." मग ती माणसं चहाला येतात आणि विचारतात, स्वेटर लागतो का, जैन जेवण मिळतं का, बोट लागते का. मी आपली नीट उत्तरं द्यायला बसते. पण एक आठवलं की त्यातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं, आणि पाहुणे मूळ प्रश्न विसरून नुसतं ऐकत बसतात. एक बाई तर डोळे पुसत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अहो, पण स्वेटर लागतो की नाही?"

लागतो. एसी फार असतो.

* * *

आमचा ग्रुप म्हणजे वाणगावच्या शाळेतली दहावीची बॅच. व्हॉट्सॲपमुळे पन्नाशीत पुन्हा एकत्र आलेली. क्रूझची कल्पना वसुधाची. मुंबईहून कोची, मालदीव आणि परत. तिनेच एकेकाच्या मागे लागून सगळ्यांना तयार केलं, स्वतःचं आणि नवऱ्याचं धरून सगळ्यांचं बुकिंगही तिनेच केलं.

नवरात्रात तिला ताप आला. डहाणूहून वापीला नेली. दसऱ्याला गेली.

सहल रद्द, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मग एका सकाळी वसुधाच्या नंबरवरून मेसेज आला. फोटोत तीच, हसणारी. माझ्या हातातला चहा सांडला.

"मी मोरेश्वर. मी तुमच्या बॅचचा नाही. पण तिची बॅग भरलेली आहे. चालत असेल तर मी येतो."

मोरेश्वर म्हणजे वसुधाचा नवरा. आमचे भावजी. डायमेकर. डोळ्याला भिंग लावून आयुष्यभर दागिन्यांचे छाप कोरलेला माणूस, बोलणं अगदी कमी. पहिलं उत्तर जयंतीभाईचं आलं. तलासरीचा आमचा गुजराती वर्गमित्र. "तमे नहि आवो, तो अमे पण नहि!"

असे आम्ही निघालो.

* * *

बोट सुटायच्या आधी एक कवायत असते. भोंगा वाजतो, सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं. एक मुलगी नावं पुकारत होती. आमची झाली. मग ती म्हणाली, "वासुदा साव?"

वसुधाचं नाव यादीतून काढायचं राहिलं होतं.

"वासुदा साव?"

भावजी खाली बघत होते. तिसऱ्यांदा नाव आलं आणि मागून बारीक, बायकी आवाज आला, "प्रेझेंट मॅडम!"

चिंचणीचा रमाकांत तांडेल. शाळेत वसुधाची हजेरी हाच लावायचा, अगदी याच आवाजात. त्याच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं होतं. त्या मुलीने त्याच्या मिशीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. आम्ही सगळे फसकन हसलो. सगळ्यात जास्त हसले ते भावजी. हसता हसता त्यांनी रमाकांतचा दंड धरला, तो बराच वेळ सोडलाच नाही.

* * *

या रमाकांतने डहाणूपासून मुंबईपर्यंत गाडीत आम्हाला समुद्र शिकवला होता. वारा कसा ओळखायचा, भरती कशी ओळखायची. "तांडेलाचं रक्त आहे, होड्या हाकणाऱ्यांचं!" खरी गोष्ट अशी की हा बाबा जन्मात होडीत बसलेला नव्हता. त्याच्या लहानपणी वडील मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. आईने याला पाण्यापासून लांब ठेवलं, शिकवलं, तारापूरच्या कारखान्यात चिकटवलं. आताही निघताना आईला याने सांगितलं होतं, शिर्डीला चाललोय!

बोट सुटायला आली. किनाऱ्याची रेंज आहे तोवर आईशी बोलून घ्यावं म्हणून याने फोन लावला. त्याच वेळी बोटीने निघायचा भोंगा दिला. कानठळ्या बसल्या.

"हा आवाज कसला रे?" आई म्हणाली. फोन स्पीकरवर होता.

"आई, आरती चाललीय!"

आम्हाला वाटलं, फोन कट झाला.

"रमाकांत," आई म्हणाली, "आरतीला कठड्यापासून लांब उभा राहा."

* * *

जयंतीभाईचा अच्छाडला हायवेवर ढाबा. तो आणि कोकिळाबेन, दोघं नवराबायको तिथेच राबलेली. बोटीवर जेवणाची चंगळ, हवं ते घ्या, हवं तितकं घ्या. पण जयंतीभाई बसेचना. आमच्या ताटात काय संपलं ते बघायचा, पळत जाऊन आणायचा. शेजारच्या टेबलावरच्या परक्या माणसालाही पापड नेऊन दिला!

शेवटी तिथल्या वेटरने त्याच्या हातातली थाळी काढून घेतली आणि खांद्याला धरून त्याला खुर्चीत बसवलं. समोर फुलका ठेवला, तव्यावरून उतरलेला. जयंतीभाईने तो मोडला. वाफ आली. तो तसाच बघत राहिला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही. रोज हजार रोट्या वाढतो. अशी गरम कधी आपल्या वाट्याला आलीच नाही," तो म्हणाला. आणि बायकोला हाक मारली, "कोकिळा, तू पहिली खा. थंड होईल."

* * *

आता माझा किस्सा. मी आणि वसुधाने वापीच्या दुकानातून पोहायचे पोशाख घेतले होते. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय, तरी ट्रायल रूममध्ये आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो होतो. माझा पोशाख बॅगेच्या तळाशी होता आणि तिथेच राहणार होता.

एके दुपारी डेकवर भावजी माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"सुनंदाताई, तो घातलात का तुम्ही?"

"कोणता?"

ते लाजले. "तिने घरी घालून दाखवला होता मला. मग काढेचना. तशीच वरणाला फोडणी दिली." आणि म्हणाले, "एकीने तरी घाला."

मी खोलीत गेले, घालून आले आणि सरळ बोटीवरच्या पोहायच्या तलावात गळ्यापर्यंत जाऊन बसले. दसऱ्यापासून जे रडायचं राहिलं होतं ते तिथे रडून घेतलं. काठावरचा पोऱ्या वाकून म्हणाला, "मॅडम, डोळ्यांत पाणी गेलं का?"

"हो बाबा," मी म्हटलं, "गेलं."

* * *

बुकिंग करताना वसुधाने कुठेतरी लिहून ठेवलं होतं की प्रवासात लग्नाचा वाढदिवस येतो. आमच्या कुणाच्याच ध्यानात नव्हतं. भावजींच्या असावं, पण ते कसले बोलतात!

संध्याकाळी जेवायला बसलो आणि दिवे मंद झाले. चार-पाच वेटर टाळ्या वाजवत, गात, केक घेऊन आले. केकवर दोघांची नावं. भावजींनी मुकाट्याने सुरी घेतली, तुकडा कापला. वेटर ओरडायला लागले, "भरवा! भरवा!" आजूबाजूची टेबलंही ओरडायला लागली.

भावजी हातात तुकडा घेऊन उभे.

कोकिळाबेन खुर्चीवरून उठली. त्यांच्यासमोर जाऊन लहान मुलीसारखा आ केला. "मने आपो ने, मोटाभाई!"

त्यांनी तिला भरवलं. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. तोंडावर पदर धरून ती एवढंच म्हणाली, "बहु गळ्युं छे." फार गोड आहे म्हणे.

* * *

शेवटच्या सकाळी बोट मुंबईला लागली. बॅगा आदल्या दिवशीच गेल्या होत्या, फक्त माणसं उतरायची होती. भावजींची खोली आमच्या शेजारची. मी बोलवायला गेले तर ते दारात उभे होते आणि खोल्या आवरणारा पेमा त्यांच्याशी बोलत होता. दार्जिलिंगकडचा, हसऱ्या चेहऱ्याचा.

"साब, मॅडम से तो मिलना ही नहीं हुआ," तो म्हणाला.

भावजींनी मागे वळून खोलीकडे पाहिलं.

"मैं जब भी आया, मॅडम बाहर. लेकिन उनका साइड रोज एकदम टिपटॉप! चादर पे एक सिलवट नहीं. खुद ठीक करके जाती हैं ना? ऐसा गेस्ट मैंने कभी देखा नहीं, साब. मॅडम को मेरा थँक्यू बोलना."

मी सांगायला तोंड उघडलं. भावजींनी मला हातानेच थांबवलं.

"बोलता हूँ," ते म्हणाले.

पेमा हात जोडून पुढच्या खोलीत गेला.

"चला भावजी, सगळे खाली थांबलेत," मी म्हटलं.

"एक मिनिट."

ते परत आत गेले. दार उघडंच होतं. त्यांनी चपला काढल्या, पलंगाला वळसा घालून खिडकीकडच्या, वसुधाच्या बाजूला गेले आणि तिथे आडवे झाले. डोकं उशीत, डोळे मिटलेले. बाहेर धक्क्यावर हमालांचा आरडाओरडा चालला होता. मग ते उठले. चादर चुरगळली होती, ती तशीच ठेवली. चपला घातल्या.

"चला सुनंदाताई," म्हणाले, "झालं."