विशाखाताईंचं काथ्याचं छत

विशाखाताई पहिल्यांदा आमच्या उपकेंद्रात आल्या त्या सरळ बाळंतपणाच्या टेबलावर जाऊन आडव्या झाल्या. मे महिना, भर दुपार. मी घाबरून नाडी बघायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "मला काय झालं न्हाय, सिस्टर. जरा पडू द्या. बाई हितं पडल्यावर तिला काय सोसावं लागतं, ते बघायला आलेय."

वर पत्रा होता. उन्हाने तापून तो मधूनच तडतड वाजायचा. पंखा होता, पण वीज बहुतेक वेळा नसायची आणि असली तरी तो गरम हवाच ढवळायचा. त्या बाई डोळे उघडे ठेवून पत्र्याकडे बघत पडून राहिल्या. कपाळावरचा घाम ओघळून कानात शिरला तशा उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बाया हितं का येत न्हाईत, त्याचं उत्तर वर हाय. खाली शोधत बसू नका."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मूळची साताऱ्याकडची. नर्स म्हणून नेमणूक झाली ती शेळगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर. तिथल्या एका बागायतदाराच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं उपकेंद्र भरायचं. त्या बागायतदारांना सगळे तात्या म्हणत. तपासायला बायका यायच्या, गोळ्या न्यायच्या, पण कळा सुरू झाल्या की घरातच राहायच्या. मी त्यांना समजावून थकले होते. विशाखाताई येण्याच्या थोडेच दिवस आधी एक पोर माझ्याकडे बाळंत व्हायला आली, त्या टेबलावर थोडा वेळ तळमळली आणि "हितं भाजून मरंन मी" म्हणत उठून घरी गेली. घरी मूल सुखरूप झालं, पण रक्तस्राव थांबेना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या टाकून तिला इंदापूरला न्यावं लागलं. ती वाचली. तिची आई सखूबाई बारामतीला विशाखाताईंच्या शेडमध्ये कामाला होती. सखूबाईने ही हकीकत रडत रडत सांगितली आणि विशाखाताईंनी एसटी पकडली.

त्या बावड्याच्या. वडील गवंड्याच्या हाताखाली मालाची घमेली वाहायचे. बांधलेली घरं दुसऱ्यांची, स्वतःचं मात्र पत्र्याचं. उन्हाळ्यात गारव्याला म्हणून आई पत्र्यावर उसाचं पाचट पसरायची. एकदा शेजारच्या चुलीची ठिणगी उडाली आणि पाचटासकट घरातलं सगळं गेलं. विशाखाताई तेव्हा शाळेत होत्या. "पुस्तकं तेवढी वाचली, दप्तर पाठीला होतं म्हणून," असं त्या हसत सांगायच्या. पुढे पुण्याला जाऊन त्यांनी बांधकामाचा डिप्लोमा केला. वर्गात मुलगी एकटीच. शिकून त्यांनी मोठ्या इमारतींची कामं केली आणि मग सगळं सोडून बारामतीला औद्योगिक वसाहतीच्या मागे भाड्याने शेड घेतली. त्यात नारळाचा काथ्या आणि सिमेंट दाबून त्यांचे बोर्ड बनवायला लागल्या. ते पत्र्याखाली छताला मारायचे, किंवा दोन खोल्यांच्या मध्ये उभे करायचे.

तात्यांची परवानगी काढायला आम्ही दोघी त्यांच्या सोप्यावर गेलो. तात्या अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आमच्याकडे सगळ्या बोलण्याआधी येतो तो प्रश्न विचारला, "आडनाव काय म्हनालात बाई? मूळच्या कुठल्या?"

प्रश्नाच्या पोटातला प्रश्न मला कळला. मी खाली बघितलं. विशाखाताईंनी मात्र तात्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "बावड्याची. बौद्ध. घर गावाच्या खालच्या अंगाला. अजून काय विचारायचं असंल तर आत्ताच विचारा, तात्या. म्हंजी मग छताचं बोलू."

तात्यांचा अडकित्ता थांबला. तो खाली ठेवून ते म्हणाले, "बोला की. छताचंच बोला," आणि आत हाक मारून चहा सांगितला.

पण छताचं बोलणंही सोपं नव्हतं. काथ्या म्हणजे गादीत भरायची वस्तू, असं तात्यांचं ठाम मत. "आन् काथ्याच कशाला? आपल्याकडं चिपाडाचा भुसा ढिगानं पडलाय कारखान्यावर. कोकनातनं कशाला आनायचं?"

"पहिला भुसाच घेतला होता," विशाखाताई म्हणाल्या. "बोर्ड उचलला आन् हातात भुगा आला. भुशात साखर ऱ्हाती. साखर शिरली की सिमेंट झोपतंय, उठतच न्हाय. काथ्याबी कच्चा चालत न्हाय. दिवसच्या दिवस भिजवायचा, पाणी तांबडं उतरतंय तवर धुवायचा, मगच सिमेंट त्याला धरतंय."

तात्यांना हे पटलं, पण वस्तू हाताने पारखल्याशिवाय माणूस होकार देईल तर तो बागायतदार कसला? ठरलेल्या दिवशी विशाखाताई नमुन्याचा बोर्ड घेऊन आल्या. वस्तीवरची निम्मी माणसं जमली. तात्यांचा पुतण्या पहिलवान होता. तात्यांनी दोन्हीकडे विटा रचायला लावल्या, त्यावर बोर्ड ठेवला आणि पुतण्याला म्हणाले, "चढ." तो चढला. बोर्डाने क्षणभर दम धरला आणि काडकन दोन तुकडे झाले. सगळीकडे हशा पिकला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

विशाखाताई सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या. हसू आवरून म्हणाल्या, "मी छत म्हणाले, तात्या. फळी म्हणाले न्हाय. तुमचा पहिलवान छताला उलटा चालणार असंल तर तसं सांगा, जाड करून देते." मग मोडलेला तुकडा उचलून त्या तात्यांच्या चुलीपाशी गेल्या आणि जाळावर धरला. चहाचं आधण उकळून खाली उतरलं तरी तुकडा नुसता काळवंडला होता; पेट घेतला नव्हता. तात्यांनी तो फडक्यात धरून निरखला, नखाने खरवडला. "हां," एवढंच म्हणाले. त्यांचा होकार असाच असायचा.

पुढे कामानिमित्त बारामतीला गेले तेव्हा मी शेडवर डोकावले. हौदात काथ्या भिजत होता, पाणी कोऱ्या चहासारखं. धुतलेला काथ्या निथळून बायका तो सिमेंटच्या रबडीत हाताने कालवायच्या, लोखंडी चौकटीत पसरायच्या. अशा चौकटी एकावर एक चढवल्या की दोघीजणी दाबयंत्राचा दांडा धरून गोल फिरवायच्या आणि खालून पाणी ठिबकायला लागायचं. मग बोर्ड आठवडाभराच्या वर ओल्या गोणपाटाखाली. सखूबाईच्या हाताला सिमेंटने चिरा पडल्या होत्या. विशाखाताईंनी सगळ्यांना रबरी हातमोजे आणून दिले होते आणि मोजे न घातलेली बाई दिसली की काम थांबवायच्या. एकीने त्यांना मॅडम म्हटलं तर लगेच म्हणाल्या, "मॅडम म्हणू नका गं. मॅडम म्हटलं की माणूस खरं सांगत न्हाय."

पावसाळ्याच्या तोंडावर आमचं छत लागलं. पांढरा रंग दिल्यावर खोली ओळखू येईना. मी फार खुशीत होते. पण पाऊस सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि एका कोपऱ्यातले बोर्ड मधोमध झुकायला लागले. एकाला बारीक चीर गेली. तात्या रोज येऊन वर बघायचे आणि काही न बोलता जायचे. ते बोलले असते तर बरं, असं वाटायचं.

मी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी विशाखाताई सखूबाईला घेऊन हजर. तो वस्तीवरचा बाजाराचा दिवस; येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ. मी हळूच म्हटलं, "ताई, आज नुसतं बघून जा. गर्दी नसेल तेव्हा बदलू. कशाला लोकांना दाखवायचं?"

त्या शिडी लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "लावताना गर्दी बघून छाती फुगली होती न्हवं माझी? मग काढतानाबी गर्दी असू द्या."

शिडीवर चढून त्यांनी एकेक बोर्ड बोटाच्या पेराने वाजवून बघितला. ज्याचा आवाज ठणठणीत तो ठेवला, ज्याचा बद्द तो खाली. काढलेले सगळे बोर्ड अंगणात आणले आणि पाहणाऱ्यांसमोर हातोडीने फोडले. आतला काथ्या तांबूस होता. त्यांनी तो तात्यांच्या हातावर ठेवला. "घाई माझी. पावसाच्या आधी लावायचं म्हणून धुण्यात कसूर केली. आता न्हाय करायची." सखूबाई मध्येच म्हणाली, "त्या दिवशी हौदावर मी हुते, ताई." तर तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "'बास झालं धुणं, चला' म्हणाले ती मीच." विषय संपला.

त्या दिवसानंतर तात्यांचं बोलणं बदललं. कुणी काथ्याच्या छताची टिंगल केली तर म्हणायचे, "बाईनं स्वताचा माल स्वता फोडलाय आमच्या अंगनात. तुज्या ठेकेदाराला सांग तसं करायला."

नवे बोर्ड पक्के बसले. पुढच्या उन्हाळ्यात माझी मलाच खोली खरी वाटेना. बाहेर रान भाजत असायचं आणि आत बसवेल इतपत गारवा. तपासायला आलेल्या बायका उठायला तयार नसत. तरी बाळंतपणाला पहिली कोण येणार, हा प्रश्न होताच. आली ती तात्यांची सून. तिला बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, पण कळा अवेळी सुरू झाल्या, गाडी बाहेरगावी, आणि घरात करू या म्हणाल्या तिच्या सासूबाई. सूनच म्हणाली, "मला सिस्टरकडं न्या. तितं गार हाय."

एप्रिलची दुपार. मूल पायाळू. एवढं आठवतं की घामाने डोळे चुरचुरत नव्हते, नीट दिसत होतं, आणि ती पोर मी सांगेन तसं श्वास घेत होती. त्या पत्र्याखाली तिने इतका दम धरला नसता. मुलगी झाली. चांगली रडकी, धष्टपुष्ट. तात्यांना आत बोलावलं. नातीकडे बघायच्या आधी त्यांनी वर बघितलं. मग डोळे पुसले.

मी विशाखाताईंना कळवलं तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "झालं! आता बघा, सिस्टर." आणि खरंच, त्यानंतर बायका यायला लागल्या. बोर्डांनाही मागणी आली. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका शेतकऱ्याने सोप्यात आडभिंत उभी केली, कुठे बालवाडीला छत झालं, कुठे दूध संकलनाच्या खोलीला. बावड्यात त्यांच्या आईच्या घरालाही झालं, पण त्याची गोष्ट त्यांनी कधी रंगवून सांगितली नाही. "आई म्हणती, आता दुपारी झोप लागती," एवढंच.

चार-पाच वर्षं शेड भरात चालली. मग हळूहळू तयार छतांचा माल बाजारात आला, आणि आमचा काथ्या घाट चढून येईपर्यंत महाग होऊन बसायचा. मला वाटलं, बाई आता खचणार. भेटायला गेले तर त्या एका कागदावर कोकणातल्या जागेचा नकाशा काढत बसल्या होत्या. "सिस्टर, नारळाला हितं आणण्यापेक्षा मीच नारळाकडं जाते. तितं पत्र्याची घरं काय कमी न्हाईत."

"आणि इथलं?"

"हितलं हितं ऱ्हाईल. सखूबाई हाय, बाकीच्या हायत. सिमेंटच्या जाळ्या, चौकटी, हौदाची झाकणं, सगळं येतं त्यांना. बोर्डाची मागणी आली तर बोर्ड."

निघायच्या सकाळी मी मुद्दाम रजा काढून गेले. दोन दाबयंत्रांपैकी एक टेम्पोत चढवलं होतं, दुसरं जागेवर होतं. शेडची किल्ली सखूबाईच्या कमरेला. तिने इतका वेळ धीर धरला होता, पण टेम्पो सुरू झाला तशी पुढे होऊन तिने दांडीला हात घातला. "ताई, आमाला सोडून निगाला?"

विशाखाताई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्या खाली उतरल्या, सखूबाईसमोर उभ्या राहिल्या. "सोडून न्हाय, सखूबाई. तुमाला येतंय म्हणून निघाले. येत नसतं तर मला ऱ्हावं लागलं असतं."

सखूबाईने दांडीवरचा हात काढला.

टेम्पो रस्त्याला लागला. आम्ही बघत उभ्या होतो, तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "अगं, कालवलेला माल आळायला लागलाय!" सखूबाईने पदर खोचला, हातमोजे चढवले आणि आत गेली. पाठोपाठ बाकीच्याही गेल्या. रस्त्याकडे बघत उभी राहिले ती मी एकटीच. थोड्या वेळाने दाबयंत्राच्या दांड्याचा करकर आवाज आला आणि पाठोपाठ पाणी ठिबकल्याचा.