देव पस्तावला

वडिलांनी माझ्या थोरल्या बहिणीला जिवंतपणी तिलांजली दिली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. ती लहानपणीच विधवा झालेली. पुढे तिनं परजातीतल्या एका मास्तराशी लग्न केलं आणि नरखेडला बिऱ्हाड केलं. वडिलांनी शहरातल्या शुक्रवारी तलावाच्या पायरीवर बसून माझ्यादेखत तिच्या नावानं तीळ-पाणी सोडलं, घरी येऊन आंघोळ केली आणि आईला म्हणाले, "आजपासून आपल्याले एकच पोरगी." मेलेल्यांना पाणी देतात हे मला ठाऊक होतं. जिवंत माणसालाही देता येतं हे त्या दिवशी कळलं. मी इतकी हबकले, की पुढे कितीतरी दिवस वडिलांनी ओंजळीत पाणी घेतलं तरी मी आईच्या पदराआड लपायचे.

वडील शाळेत मराठी शिकवत. एकदा बोललेला शब्द परत घ्यायचा नाही हा त्यांचा बाणा, आणि त्याचा गल्लीभर दरारा. लोकांना तो करारीपणा वाटे. आम्हाला त्याच्याबरोबर एका घरात राहावं लागे.

आठवड्यातून दोनदा एक म्हातारे गोरे पादरीसाहेब सायकलवरून आमच्या ओसरीवर येत. मराठीची हौस दांडगी. चर्चमधलं प्रवचन मराठीत लिहून आणायचं आणि वडिलांकडून तपासून घ्यायचं. साहेब गेले की आई ओसरी सारवून काढायची, आणि पुढच्या खेपेला त्यांनाच आल्याचा चहा करून पाठवायची. यात तिला काही विसंगत वाटत नसे.

एका दुपारी नरखेडकडची संत्री विकणारी बाई परसदारी आली आणि हळूच आईला म्हणाली, "पोरीचे दिवस भरले, बाई. सासरच्यायनं बी दार लावलं. मायची वाट पाहून राहिली." पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आपला रिवाज. आई तशीच वडिलांपुढे जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मागितलं. वडील पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मेलेल्या पोरीचं बाळंतपण नसते."

मी दाराला धरून उभी होते. त्या वाक्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. जेवताना मीठ मागावं तसे ते बोलले होते.

थोड्या वेळानं पादरीसाहेब आले. यहूदी लोकांच्या एका जुन्या संदेष्ट्यावर त्यांनी प्रवचन लिहिलं होतं. वडील लाल पेन्सिल घेऊन वाचू लागले, आणि एका ठिकाणी थबकून त्यांनी एक शब्द खोडला.

"'देव पस्तावला' असं कसं लिहिता, साहेब? देव काहून पस्तावेल? तो का तुमच्या-माझ्यासारखा आहे? 'देवाला दया आली' लिहा."

"नको, गुरुजी," साहेब त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले. "हिब्रू भाषेत तिथे जो शब्द आहे, तो माणसाच्या पस्तावण्यालाही चालतो. देवाने या संदेष्ट्याच्या तोंडून एका पापी नगराला, तुमचा नाश करतो म्हणून सांगितले होते. नगरातले लोक आपल्या पापांसाठी रडले. राजा राखेत बसला. देव पस्तावला."

"अन् मग त्याच्या शब्दाचं काय?"

"शब्द मोडला. नगर वाचले."

मी वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिले. स्वतः देवानं शब्द मोडला, आणि हा म्हातारा ते असं सांगत होता, जणू त्यात देवाची अब्रू वाढली.

साहेब पुढे सांगू लागले. संदेष्ट्याला देवाचा राग आला. नगराचा नाश व्हायला हवा होता, म्हणून तो रुसून गावाबाहेर एरंडाखाली बसला.

"एरंडाखाली कोणी सावलीले बसते का?" वडील हसले. ते हसणं काही खरं नव्हतं.

"एरंड वाळला. संदेष्टा त्याच्यासाठी हळहळला. तेव्हा देवाने विचारले, ज्याला तू पाणीसुद्धा घातले नाहीस, त्याच्यासाठी तुझा जीव तुटतो. मग ही माझी माणसे, ही अजाण लेकरे, ही गुरे, यांच्यासाठी माझा तुटू नये?"

"मग तो काय बोलला?"

"ते लिहिलेले नाही, गुरुजी."

वडिलांच्या हातात पेन्सिल तशीच राहिली. साहेबांनी चहा संपवला, नमस्कार केला, सायकलवर बसून ते निघून गेले, तरी वडील उठले नाहीत. त्या दिवशी आईनं ओसरी सारवली नाही.

सकाळी वडील काळा कोट घालून कोणाला न सांगता बाहेर पडले. शाळेत गेले असतील असं आम्ही धरून चाललो. दिवेलागणीला दारात टांगा थांबला. आधी वडील उतरले, मग त्यांनी हात दिला आणि माझी बहीण उतरली, पोट सावरत. आईच्या हातातला तांब्या गळून पायरीवर गडगडत गेला. गल्ली दारादारांत येऊन उभी राहिली. समोरच्या घरचे म्हातारे काका, तलावावर पाणी सोडताना वडिलांच्या शेजारी बसलेले, पुढे आले.

"गुरुजी, हिले तर तुम्ही पाणी दिलं होतं ना?"

"दिलं होतं," वडील म्हणाले. "पस्तावलो."

वडिलांच्या तोंडून तो शब्द ऐकून मला जो धक्का बसला, तसा नंतरच्या उभ्या आयुष्यात बसला नाही. पुढे बारशाला त्या गल्लीतलं एकही माणूस आमच्याकडे आलं नाही, आणि वडीलही कोणाला बोलवायला गेले नाहीत.

बहीण उंबऱ्याशी आली. ती जिवंत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पाणी सोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मेलेली बाई परत आली तर तिचे पाय उलटे असतात, हेही ऐकून होते. माझी नजर आधी तिच्या पायांकडेच गेली. तिनं ते पाहिलं. लुगडं घोट्यापाशी जरा वर धरलं.

"सरळच आहेत वं," ती म्हणाली. "पाहून घे."