भिंतीवरची रेघ

कागलच्या एमआयडीसीत फिटर म्हणून उभी हयात घालवलेले गौस मुल्लाणी गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरातल्या मंडळांना हलते देखावे करून द्यायचे. वायपरच्या जुन्या मोटरी आणि सायकलच्या चेनी एवढ्यावर त्यांचा राक्षस मान वळवायचा, गरुड पंख फडफडवायचा. कल्पना त्यांना ढिगानं सुचायच्या. त्यातली खरी कुठली, हे मात्र त्यांना स्वतःला कधी ओळखावं लागलं नव्हतं. ते काम त्यांची बायको सुलतानबी करायची.

ती भाजी निवडत बसलेली असताना ते तिला सुचलेलं सांगायचे. "बरं हाय की," म्हणून तिनं पुढची जुडी ओढली, की ती कल्पना गेली. पण कधीतरी तिचा हात थांबायचा आणि ती विचारायची, "मग पुढं?" तेवढं झालं की गौसभाई मोटरी शोधायला उठायचे.

सुलतानबीला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं होतं. मुलगी शिफा पुण्याला होती. घरात दिवसभर रेडिओ लागलेला असायचा, तोही कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

आखाड सरता सरता मंडळाचा अध्यक्ष आदर्श दारात उभा राहिला. "चाचा, औंदा कायतरी जाळ काढायचा बघा! पब्लिक मांडवातनं हाललं न्हाय पायजे."

गौसभाईंनी त्याला सात तोंडांचा नाग सांगितला.

"भारी!"

मग पाताळात उतरणारा रथ सांगितला.

"त्ये बी भारी!"

शिफाला फोन केला, तर तीही म्हणाली, "अब्बा, दोन्ही छान आहेत." चहाच्या गाड्यावर सांगितलं, तिथंही सगळ्यांनी माना डोलावल्या. गौसभाई घरी येऊन खुर्चीत बसून राहिले. नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं आणि पुढं काय, असं विचारणारंही.

नागाच्या कामाला लागायचं म्हणून एकदा ते माळ्यावरची चेन काढत होते. टाचा उंच करून हात वर नेला आणि तसाच राहिला. महापुराच्या वर्षी पाणी ओसरल्यावर चिखलीला सुलतानबीच्या बहिणीचं घर धुवायला दोघं गेली होती. भिंतीवर पाण्याची मातकट रेघ उमटली होती. सुलतानबी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टाचा उचलल्या, हात पुरता ताणला. बोटं रेघेला पोचली नाहीत. मग तिनं खराटा उचलला होता.

चेन तशीच सोडून गौसभाई खाली बसले. हे चहाच्या गाड्यावर सांगावंसं वाटलं नाही, शिफालाही नाही. कुणी भारी म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता. नागाबद्दल असं काही वाटलं नव्हतं. गरुडाबद्दल, रथाबद्दल तर नाहीच. खरी हीच, हे तेव्हाच त्यांनी ओळखलं.

त्यांनी मांडवात एक खोली उभी केली. चिखलानं माखलेली भिंत, फुगून उकललेलं दार, कोपऱ्यात उलटा पडलेला पाळणा आणि माणसाच्या डोक्याच्या खूप वर ती रेघ. गणपती बाजूला, साध्या चौरंगावर.

आदर्श चक्रावला. "चाचा, ह्यात हालतंय काय?"

"काय न्हाय."

"आवो, लोक शिव्या घालतील की!"

"घालू देत. पण आता मला दुसरं करता याचं न्हाय."

पहिल्या दिवशी पोरं आली, मोबाईल काढले आणि निघून गेली. आदर्शनं गौसभाईंशी बोलणं टाकलं. दुसऱ्या संध्याकाळी एक बाई भिंतीपाशी थबकली. नवऱ्याला म्हणाली, "आपल्यात पानी हितवर आल्तं," आणि हात वर केला. मागच्यानं आपलं सांगितलं. अनोळखी माणसं एकमेकांना विचारू लागली, "पावणं, तुमच्यात कितपत?" रांग पुढं सरकेना. गौसभाई मांडवाच्या कापडाआड एकटेच उभे राहून ऐकत होते.

गर्दी जराशी ओसरल्यावर काठी टेकत एक म्हातारी आत आली. आंबेवाडीची बनाबाई. तिनं रेघ बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "कुणी केलंय ह्ये?"

गौसभाई कापडाआडून पुढं आले. "मी केलंय, आक्का."

"चुकलंय तुमचं. आमच्यात ह्याच्या वर आल्तं. माझी पेटी वरच्या फळीवर हुती, ती बी गेली."

गौसभाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मग पुढं?"

बनाबाईनं काठी भिंतीला टेकवली आणि उलट्या पाळण्याशेजारी बसकण मारली. ती सांगत राहिली. पेटीत काय होतं ते, होडी कधी आली ते, म्हशीचं दावं कुणी सोडलं ते. गौसभाई तिच्यासमोर जमिनीवर बसून ऐकत होते. तिला न्यायला तिचा लेक आला, तेव्हा ते उठले. मातीची बादली आणि शिडी आणली आणि तिनं काठीनं दाखवलं तिथं, पहिल्या रेघेच्या वर, दुसरी रेघ ओढली.

"आनि वर?" त्यांनी शिडीवरून विचारलं.

"बास," बनाबाई म्हणाली. "हितवरच."