आप्पांचा मतांचा नकाशा

निकालाच्या दिवशी आमच्या रेवदंड्यात सगळ्यांच्या अंगावर गुलाल असायचा आणि आप्पांच्या बोटांना रंगीत पेन्सिलींची भुकटी. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस प्रत्येक निवडणुकीनंतर तालुक्याचा नकाशा हाताने काढायचा, मतदान केंद्रवार आकडे मिळवून एकेक गाव रंगवायचा आणि पडवीत टांगायचा. मी तेव्हा अलिबागच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहायचे. संपादक निकालावर लिहायला बसले, की आधी मला आप्पांकडे पिटाळत.

रंगांच्या बाबतीत आप्पा हट्टी. कुठल्याच झेंड्यातला रंग ते वापरत नसत. तपकिरी, राखाडी, वांगी असले गरीब रंग. मी एकदा नाक मुरडलं, तर म्हणाले, "झेंड्याचा रंग दिला, की मानूस नकाशा बघत न्हाय. आपला जिंकला का, तेवढंच बघतो."

घरबसल्या अंदाज बांधणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. एकदा कोळीवाड्यात मतदान फार घटलं आणि मी 'कोळीवाडा नाराज' असं ठोकून दिलं. आप्पांनी अंक पुढ्यात टाकला. "बंदरावर जाऊन इचारलंस? बोटी बाहेर व्हत्या. नाराज व्हायला मानसं घरी तर पायजेत." मी ओशाळले. या धंद्यात मला जे थोडंफार येतं, ते त्यांचंच.

पण याच नकाशाने त्यांना रडवलं. पंचायत समितीवर निवडून आलेले नवे सदस्य पडवीत चहाला आले आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "ही एकटीच वांगी रंगाची कुठली?" आप्पांनी कौतुकाने सांगितलं, उंबरवाडी. डोंगरातली मूठभर घरं, पण केंद्र स्वतंत्र. झाडून सगळी मतं विरोधात. उन्हाळ्यात तिथल्या बाया डोंगर उतरून विहिरीचं पाणी नेतात. पुढच्याच महिन्यात नळयोजनेच्या यादीतून उंबरवाडी गळली.

वाडीतल्या हिराबाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या. "आप्पा, मत आमी मशीनमधी टाकला व्हता. तुमी भिंतीवर टांगलात."

आकडे काय, कचेरीतही मिळतात, असं मी मध्येच म्हणाले. आप्पांनी मलाच गप्प केलं. "आकडं कोन वाचतो? रंग मी दिला." त्यांचे डोळे भरले होते. नकाशा त्यांनी तिथल्या तिथे उतरवला, आणि मग पंचायत समितीच्या दर सभेला हिराबाईंबरोबर कचेरीत जाऊन बसू लागले. सांधे दुखायचे, तरी एक सभा चुकवली नाही.

पुढच्या निवडणुकीनंतर पडवीत पुन्हा नकाशा लागला. त्यात उंबरवाडी कोरी. तेच सदस्य, चारचौघांत म्हणाले, "आप्पा, हे रंगवायचं राहिलं वाटतं?"

"राहिलं न्हाय. तिथं पानी येऊ दे, मग रंगवीन."

सदस्य चहा अर्धाच टाकून उठले. वर्षभरात वाडीत नळ आला. तो बघायला आप्पा नव्हते. दोन महिने आधीच गेले. असा शहाणा आणि असा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या मुलाने तो नकाशा मला दिला. आप्पांचा शब्द आपण पुरा करावा म्हणून मी पेन्सिली घेऊन उंबरवाडीत गेले. हिराबाई नळाखाली कळशी भरत होत्या. मी नकाशा उघडून कोरी जागा दाखवली आणि गेल्या निवडणुकीचा रंग भरते म्हणाले.

त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि नकाशाची घडी घातली.

"ऱ्हाऊ दे कोराच," त्या म्हणाल्या. "पानी आलाय. आता आमी कोनाला मत दिला, ता कशाला कोनाला कलाया पायजे?"